ध्रुवांवर चालत गेलेला ब्रिटिश साहसवीर रॉबर्ट स्वान: भाषणासाठी कोणती मोहीम घ्यावी?

प्रश्न: 20 मिनिटं, विषय टीमवर्क. 1986 ची दक्षिण ध्रुवाची मोहीम की 1989 ची उत्तर ध्रुवाची?

उत्तर 1: 1989. 7 देशांचे 8 जण. पायाखाली जमीनच नाही, समुद्रावरचा तरंगता बर्फ. झोपेतही तो वाहत राहतो, कधी उलट्या दिशेने. म्हणून सकाळी आधी ठिकाण मोजायचं, मग चालायचं.

उत्तर 2: मी 1986 घेईन. तिघेच, सुमारे 1,400 किमी, 70 दिवस, रेडिओ नाही. दिशा सेक्स्टंटने (सूर्याची उंची मोजून ठिकाण काढायचं साधन), आणि ते काम मोहीमप्रमुख स्वानचं नाही, सोबती रॉजर मीअरचं! प्रमुखाने सगळं स्वतः करायचं नसतं, हे इथे आपोआप दिसतं. 11 जानेवारीला ध्रुव गाठला, त्याच सुमारास मोहिमेचं सदर्न क्वेस्ट जहाज बर्फाने चिरडलं. शेवट तिथे करा.

प्रश्नकर्ता: 1986 पक्कं.