शॉकअपला घरचे बूट घालावेत की नाही?

देवगडकर:
काल इथे एकानं लिहिलं, "जुन्या ट्यूबा शॉकअपला गुंडाळणारे चार पैसे वाचवायला अख्खा पाइप कुजवतात." ते वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो. शॉकअप म्हणजे मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचे फोर्क, त्यांच्या पाइपवर चढवायचं रबरी आवरण म्हणजे बूट.

माझी 125 सीसी गाडी 2012ची. रोजचा रस्ता जांभ्याचा. पावसात लाल चिखल पुढच्या चाकावरून उडतो, पाइपवर सुकतो आणि गाडी खड्ड्यात दबली की आतलं ऑइल अडवणाऱ्या सीलच्या ओठाखाली शिरतो. तीन वर्षांत चार वेळा सील बदलले. चौथ्या वेळी पाइप बाकड्यावर काढून ठेवलेले होते, तेव्हा 2.75-18 ची पंक्चर ट्यूब मागून घेतली. वीतभराचे दोन तुकडे कापले, आतली पावडर पुसली, पाइपवरून चढवले. खाली सीलच्या कपावर केबल टाय, वर क्लॅम्पखाली दुसरा. मधली ट्यूब ढिली सोडली, नाहीतर शॉकअप दबताना ओढ बसते. दोन पावसाळे झाले, सील कोरडं आहे. ह्याला कुजवणं म्हणायचं?

सांगली गॅरेज:
सील कोरडं आहे हे बघितलं कसं? वरून ट्यूब चढवली की आतलं दिसतंय कुठं?

एक गिऱ्हाईक आंबा घाट करून आलं, म्हणालं पुढचा ब्रेक लागत नाही. असेच ट्यूबचे बूट. खालचा टाय कापला तर ऑइल भळाभळा हातावर आलं. ट्यूब फुगून लिबलिबीत झालेली, कारण ट्यूबच्या रबराला ऑइल सोसत नाही. टायच्या फटीतून झिरपून पॅड भिजलेले. घाटात काय झालं असतं सांगा! उघडा पाइप असता तर पहिल्याच दिवशी ओघळ दिसला असता.

पुण्याचा भटक्या:
दादा, मग कंपनीचं काय? रॉयल एनफिल्डच्या पहिल्या हिमालयनला 2016पासून बूट होते. बजाजच्या सीटी 110लाही आहेत. ते सगळे वेडे का?

सांगली गॅरेज:
कंपनीचा बूट भात्यासारखा घड्यांचा असतो. गाडी दबली की आतली हवा जायला भोकं असतात, तिथूनच पाणीही निघतं. दोन्हीकडून आवळलेल्या ट्यूबमध्ये पाणी शिरलं की मुक्कामालाच, मग पाइप गंजतो. पाइपच्या क्रोमला टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडला तरी नवीन सील टिकत नाही.

पुण्याचा भटक्या:
बरं, भोकांचं मान्य. पण तीन वर्षांत चार वेळा सील जातं, ते चिखलानं नव्हे, मेकॅनिकमुळे! माझ्यासमोर एकानं सील हातोडीनं ठोकून बसवलं, ओठाला ग्रीस नाही, काही नाही. वर शॉकअपमध्ये इंजिनाचं काढलेलं काळं ऑइल ओतलं. मोजलंही नाही, एका पायात जास्त, दुसऱ्यात कमी. महिनाभर गाडी खड्ड्यात दगडासारखी आदळायची. पैसे मात्र नव्या ऑइलचे घेतले.

सांगली गॅरेज:
एकानं केलं म्हणून सगळ्यांवर घसरू नका. बावीस वर्षं हात काळे करतोय, मोजपात्राशिवाय ऑइल ओतलेलं नाही. गिऱ्हाईकच म्हणतं, "फोर्क ऑइल कशाला, घरात उरलेलं इंजिन ऑइल आहे, तेच टाका." नाही म्हटलं की शेजारच्या गॅरेजात जातं.

जुनी यझदी:
इंजिन ऑइलला इतकी नावं ठेवू नका. जुन्या काळच्या कित्येक गाड्यांच्या पुस्तकात शॉकअपसाठी हलकं इंजिन ऑइलच लिहिलेलं असे. मी तेच घालून तीस वर्षं गाडी चालवली.

पुण्याचा भटक्या:
काका, हलकं आणि नवं! 20डब्ल्यू-50 सारखं जाड नव्हे आणि इंजिनातून काढलेलं तर नव्हेच. तुमच्या तीस वर्षांमुळे काळं ऑइल चांगलं ठरत नाही.

जुनी यझदी:
वापरलेलं घाला असं मी कुठे म्हटलं? नीट वाचा आणि मग बोला. दोन्ही पायांत ऑइल सारखं हवं, हे मला शिकवू नका.

देवगडकर:
ऑइलसाठी वेगळा धागा काढा, मी बुटांबद्दल विचारलं होतं. चिखल माझ्या सीलमध्ये जातो, तुमच्या गॅरेजात नाही. उघडा पाइप ठेवून दर पावसाळ्यात सील बदलायचं, हाच तुमचा उपाय का?

सांगली गॅरेज:
नाही. पाइप रोज ओल्या फडक्यानं पुसा, सुकलेला चिखल खरवडू नका. थोडं पाझरायला लागलं तर आधी वरचं धूळ अडवणारं डस्ट सील वर सरकवा, जुन्या एक्स-रेची पट्टी कापून टोकाला आकडा करा आणि सीलच्या ओठाखालून गोल फिरवा. पुष्कळदा कचराच अडकलेला असतो, सील बदलावंच लागत नाही. ह्यात आमचाच धंदा बुडतो, तरी सांगतोय.

देवगडकर:
आज दोन्ही टाय कापून ट्यूब वर सरकवली. दोन्ही सील कोरडी आहेत, ओठावर चिखलाचा कण नाही. ते माझं खरं ठरलं. पण डाव्या पाइपवर, वरचा टाय होता बरोबर तिथे, तपकिरी रेघ आलीय. नखाला लागते. सील वर-खाली जिथवर सरकतं त्याच्या बरीच वर आहे म्हणून वाचलो. तेवढं तुमचं बरोबर.

आता वरचा टाय लावत नाही. ट्यूब वर मोकळी ठेवतो, मागच्या बाजूला खाली पंचनं दोन भोकं पाडतो आणि दर महिन्याला सरकवून बघतो. बूट मात्र काढणार नाही.

सांगली गॅरेज:
भोकं टायच्या अगदी लगत पाडा, वर पाडली तर खाली पाणी साचेल. रेघेवर एकदम बारीक पॉलिश पेपर ऑइल लावून फिरवा, उभा नाही, आडवा. आणि पुढे डिस्क ब्रेक असेल तर महिन्याला नाही, आठवड्याला बघा.