गॅलरीतील सशांच्या पिंजऱ्यांना आपोआप पाणी देण्याची व्यवस्था

मुलुंडकर

आमच्या बंदिस्त गॅलरीत दोन मजली मांडणीवर ४ पिंजरे असून त्यांत साधारण २ किलो वजनाचे ६ ससे आहेत. सध्या पिंजऱ्याला अडकवायच्या बाटल्या वापरतो. सकाळी कामावर निघण्यापूर्वी त्या भरल्या, तरी मे महिन्यात संध्याकाळपर्यंत एखादी रिकामी झालेली असते, तर एखादीच्या तोंडातील गोळी अडकल्यामुळे बाटली भरलेली असूनही सशाला पाणी मिळालेले नसते. त्यामुळे सर्व पिंजऱ्यांना एकाच नळीतून निपलद्वारे (सशाने पिन ढकलली की पाणी देणाऱ्या छोट्या तोटीद्वारे) पाणी द्यावे, असा विचार आहे. गॅलरीत वॉशिंग मशीनसाठी काढलेला नळ आहे. त्यालाच नळी जोडली तर चालेल का? इमारत ७ मजली आहे व आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या घरात गळती होऊ नये, ही मुख्य काळजी आहे. शिवाय गणपतीत दोन-तीन दिवस गावी जातो, तेव्हा या व्यवस्थेवर विसंबता येईल का?

नळजोड

नळाला थेट जोडणी कृपया करू नये. गच्चीवरील टाकी तुमच्या नळापासून १५ मीटरच्या आसपास उंच असेल, आणि १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो होतो, हे लक्षात घेतले तर तुमच्या नळीवर चोवीस तास दीड किलोचा दाब राहील. सशांच्या निपलला याच्या दहाव्या हिश्शाइतका दाबही पुरतो. दाब वाढला की निपल ठिबकू लागतात किंवा त्यांची पिन सशाला ढकलता येत नाही, आणि रात्री एखादा जोड निसटलाच तर खालच्या घराचे छत वाचत नाही.

त्याऐवजी वरच्या पिंजऱ्याच्या निपलपासून दोन-तीन फूट उंचीवर ५ लिटरचा झाकणाचा डबा ठेवावा. सशाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १०० मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे तुमच्या सहाही सशांना मिळून सव्वा लिटर. उकाड्यात दुप्पट धरले, तरी ५ लिटर पुष्कळ झाले. डब्याला कूलरमध्ये असतो तसा फ्लोट बसवून तो नळाला जोडता येईल, पण तसे केल्यास गळतीचे भय पुन्हा दारात येते. माझे मत विचाराल तर डबा हातानेच भरावा: सगळे पाणी सांडले तरी ५ लिटरच सांडेल आणि तेवढे खालच्या ट्रेमध्ये मावेल.

नळीसाठी आरओ दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी पाव इंची नळी आणि तिचे दाबून बसणारे टी (इंग्रजी T आकाराचे जोड) वापरावेत. घेताना निपलचे टोक त्यात घट्ट बसते ना, हे पाहावे. दुधी नळीतून उजेड आत जाऊन शेवाळ धरते, म्हणून तिच्यावर काळी टेप गुंडाळावी. नळी पिंजऱ्याच्या बाहेरूनच न्यावी आणि फक्त निपल आत डोकवावे, कारण आत आलेली नळी ससे कुरतडणारच. निपल स्टीलचे किंवा पितळेचे घ्यावे; कोंबड्यांसाठीची काही निपल फक्त खालून वर ढकलली तरच उघडतात, ती आडवी बसवून उपयोग नाही. उंची सशाच्या नाकाच्या किंचित वर असावी.

नळीला डब्यापासून शेवटपर्यंत सतत उतार द्यावा. मध्ये कुठे उंचवटा राहिला तर तिथे हवा अडकते आणि पुढच्या निपलपर्यंत पाणी पोहोचत नाही. शेवटच्या टोकाला छोटा कॉक ठेवला की हवा काढणे आणि नळी धुणे दोन्ही साधते. पावसाळ्यात गढूळ पाणी येते, म्हणून नळीचे तोंड डब्याच्या तळापासून दोन बोटे वर घ्यावे व त्याला जाळी लावावी. झाकण मात्र विसरू नये. मुंबईच्या गॅलरीत कबुतरांना मज्जाव करणे कोणालाच जमलेले नाही.

ससेवाली गिरगाव

वरील जोडणी योग्य आहे, पण निपलमुळे एक गोष्ट नजरेआड होते. बाटलीवरून कोणत्या सशाने किती पाणी प्यायले ते कळते, सामाईक डब्यावरून कळत नाही. एक निपल बंद पडले तरी बाकीचे पाच ससे पीत असल्याने डब्यातील पातळी खाली जातच राहते. त्यामुळे रोज प्रत्येक निपलची पिन बोटाने दाबून थेंब येतो का, हे पाहावे. लेंड्या बारीक, कोरड्या किंवा कमी झाल्या, अथवा ससा गवत टाकू लागला, तर त्याला पाणी मिळत नसल्याची शंका घ्यावी.

बहुतेक ससे जड मातीच्या किंवा चिनी मातीच्या वाडग्यातून अधिक मोकळेपणाने पाणी पितात, म्हणून सुरुवातीला वाडगा व निपल दोन्ही ठेवावीत आणि प्रत्येक ससा निपलवर पिताना प्रत्यक्ष दिसल्याशिवाय वाडगा काढू नये. माझ्याकडे वाडगा कायमच असतो. नळीवर दुपारचे ऊन येत असेल तर ती आधी सावलीत घ्यावी. तापलेले पाणी ससे पीत नाहीत, आणि तिशीपलीकडच्या तापमानात त्यांना पाण्याची गरज सर्वाधिक असते.

मुलुंडकर

दोघांचेही आभार. मग डबाच करतो. नळी किती दिवसांनी धुवावी, आणि गणपतीचे काय?

नळजोड

आठवड्यातून एकदा शेवटचा कॉक उघडून सर्व पाणी सोडावे. महिन्यातून एकदा पांढरा व्हिनेगर पाण्यात मिसळून नळीत काही वेळ ठेवावा आणि वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवावे. जीवनसत्त्वांचे गोड औषध या डब्यात घालू नये. नळीच्या आत बुळबुळीत थर धरतो व निपल चिकटतात.

ससेवाली गिरगाव

गणपतीत केवळ या व्यवस्थेवर विसंबू नये. पाणी पुरेल, पण ससा १२ तासांहून अधिक काळ काहीच खात नसेल तर ती तातडीची बाब असते आणि ती नळीला कळत नाही. शेजाऱ्यांकडे किल्ली द्यावी, दिवसातून दोनदा गवत, लेंड्या आणि निपल पाहण्यास सांगावे. परळचे प्राण्यांचे रुग्णालय मुलुंडहून दूर पडते, तेव्हा ससे तपासणारा जवळचा पशुवैद्य आधीच शोधून त्यांचा क्रमांक डब्यावर चिकटवून ठेवावा.