दिवेलागण, हरिपाठ आणि घरातले चार मोबाईल

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)
सासऱ्यांच्या हयातीपासून आमच्या घरी दिवेलागणीला समई लावून शुभंकरोती आणि मग हरिपाठ म्हणण्याची पद्धत आहे. मुलगा १३ वर्षांचा आणि मुलगी ८ वर्षांची. दोघेही देवघरासमोर बसतात, परंतु लक्ष बाहेर चार्जिंगला लावलेल्या मोबाईलकडे असते. गणपतीत आरतीही यूट्यूबवर लावली, मध्येच साबणाची जाहिरात सुरू झाली आणि सगळे गप्प झालो, कारण पुढचे कडवे कोणालाच पाठ नव्हते. शेवटी ‘हरिपाठाला बसलास तरच मोबाईल मिळेल’ असा नियम केला. मुलगा बसतो, पण घड्याळाकडे पाहत. काय करावे?

उत्तर (पंचवटी)
ताई, गोम त्या नियमातच आहे. त्याने हरिपाठाचा टोलनाका झाला. मुलगा पैसे भरून पुढे जातो आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या कराव्यात. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याची प्रथा सुरू केली; तिच्यात मुलांइतकेच मोठेही बांधलेले आहेत. त्यावरून आमच्याकडे ७ ते ८ या वेळात सर्वांचे फोन, माझ्या कंपनीच्या फोनसह, पितळी डब्यात जातात. पहिले आठ दिवस सर्वांत जास्त चुळबुळ मीच केली. कोणी हरिपाठाला बसले म्हणून डबा लवकर उघडत नाही आणि बसले नाही म्हणून उशिराही नाही. आरतीचे म्हणाल, तर ती मुलीकडून वहीत लिहून घ्या.

उत्तर (सातपूर)
वरील मताशी सहमत आहे. मात्र मोबाईल म्हणजे श्रद्धेचा शत्रू, असे मुलांना सांगू नये. गुडघ्यांमुळे मला पंढरपूरला जाणे जमत नाही, म्हणून विठ्ठलाचे दर्शन मी फोनवरच घेते, आणि नातू ते रोज पाहतो. त्याला एकदा पौष वद्य एकादशीला त्याच्या वडिलांबरोबर त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला पाठवले होते. तिथे दिंडीत त्याच्याच वयाचा मुलगा पखवाज वाजवत होता, हे त्याच्या मनात इतके बसले की आता तो पखवाजाचे बोल मोबाईलवर ऐकून पाटावर वाजवून पाहतो. (पाटाला चीर गेली आहे, ते असो.) एक मात्र करावे: यूट्यूबमधील ‘ऑटोप्ले’ बंद ठेवावे, नाहीतर अभंग संपताच पुढे भलतेच काहीतरी सुरू होते.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. जुना नियम आज मागे घेतला आणि मुलाला तसे सांगितलेही. डबाही काढून ठेवला आहे. आता अडचण एकच आहे: सासूबाईंची मालिका बरोबर ७ वाजता लागते.