मदत हवी आहे: ग्रँड बेटाजवळच्या बुडालेल्या जहाजावर डायव्ह, हवा पुरत नाही आणि गाळ उठतो

खारेवारे:
ओपन वॉटर सर्टिफिकेट आहे, सराव सगळा तारकर्ली-मालवणचा. डिसेंबरात गोव्याला ग्रँड बेटाजवळच्या सुझीज रेक या बुडालेल्या जहाजावर जायचं ठरतंय. हवा फार लागते: ११.१ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर, सरासरी खोली १० मीटर, २५ मिनिटांत २०० वरून ६० बार. तळाजवळ गेलं की गाळ उठतो आणि मागच्यांना काही दिसत नाही. शिवाय बुडालेल्या जहाजावर जाळी अडकलेली असतात म्हणे, त्यासाठी सुरी कुठली घ्यावी? तारीख कशी ठरवावी? ऑपरेटर म्हणतो, "कधीही या."

बारा_बार:
आधी हिशेब. १४० बार गुणिले ११.१ म्हणजे साधारण १,५५० लिटर. १० मीटरवर दाब २ बार, म्हणजे पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला ३१ लिटर. शांत डायव्हरचा आकडा १५ ते २० च्या घरात असतो. एवढा फरक बहुतेक वेळा कमरेच्या शिशामुळे पडतो. माणूस चटकन खाली जावा म्हणून पर्यटकांना दोन-तीन किलो जादा बांधायची पद्धतच आहे. ते पेलायला तरंगायच्या जॅकेटात हवा भरायची, मग छाती वर, पाय खाली, आणि प्रत्येक लाथ सरळ तळावर. तुमची हवा आणि तुमचा गाळ, दोन्हींचं मूळ एकच आहे.

वजन तपासा डायव्हच्या शेवटी: ५ मीटरवर, सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले असताना. जॅकेट पूर्ण रिकामं करून नेहमीसारखा श्वास घ्या. जागेवर राहिलात तर ठीक, बुडत असाल तर पुढच्या वेळी एक किलो कमी. भरलेल्या सिलिंडरमधली हवाच अडीच किलोच्या वर असते, त्यामुळे सुरुवातीला केलेली तपासणी फसवी ठरते. मग उरलेल्या शिशातलं किलोभर कमरेवरून काढून सिलिंडरच्या पट्ट्यावर घ्या, पाय आपोआप वर येतील. लाथ वरखाली मारू नका. गुडघे वाकवून, तळवे बाहेर वळवून पाणी मागे ढकला, बेडकासारखं.

निवतीचो_दर्या:
उधाणात जावक नको. ऑपरेटर "कधीही या" म्हणतो ते बोट रिकामी जाऊ नये म्हणून.

पौर्णिमा-अमावास्या आणि नंतरचे दोन-तीन दिवस सोडा. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, पाण्याची ओढ कमी असते आणि गाळ बसतो, पण भांग अर्ध्या चंद्राच्या मागे दीड-दोन दिवस असतो. म्हणून अष्टमीपेक्षा दशमी बरी. दुसरं कारण वेळेचं. आपला जुना ठोकताळा, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ: अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. सकाळच्या बोटीला दशमी-एकादशीच जुळते. ओहोटी लागली की झुआरी नदीचं गढूळ पाणी बाहेर येतं, म्हणून भरतीच्या टोकाला पाण्यात असावं. ठोकताळा मुंबईकडे जास्त जुळतो, मुरगावची भरती त्याआधी येते, तेव्हा मुरगाव बंदराचं भरतीचं कोष्टक बघूनच पक्कं करा. दुपारचा डायव्ह नको. वारा चढतो, आणि उथळ जागी लाट तळापर्यंत ढकलते.

जुना_पाणबुड्या:
सुरी विसरा, ट्रॉमा कात्री घ्या. तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉन दोरा, सुरीच्या धारेवरून नुसता घसरतो, कात्रीत सापडला की तुटतो. सोबत छोटा लाइन कटर. दोन्ही छातीशी लावा, कुठल्याही हाताने काढता आले पाहिजेत. पायाला बांधलेली सुरी स्वतःच जाळ्यात अडकते. पायातल्या फिनच्या पट्ट्यांची लोंबणारी टोकं टेपने चिकटवा.

अडकायची जागा ठरलेली: मानेमागे, सिलिंडरच्या व्हॉल्व्हपाशी. ओढ जाणवली की गोल वळून बघायचा मोह होतो, आणि तिथेच दोर अंगाभोवती गुंडाळला जातो. थांबा, हातभर मागे सरका, बडीला, म्हणजे जोडीदार डायव्हरला, खूण करा, कापू दे त्याला. तंगूस समोरून दिसत नाही, खालून वर उजेडाच्या दिशेने बघितलं तर चमकतो.

आत शिरायचं नाही, बॉयलरच्या तोंडातही नाही. श्वासाचे बुडबुडे छताला लागले की गंजाचे पापुद्रे सुटतात आणि काही सेकंदांत बाहेरचा उजेडही दिसेनासा होतो. आत जाण्यासाठी वेगळं प्रशिक्षण, दोर आणि हवेचे तीन भाग लागतात: एक जायला, एक यायला, एक राखीव.

पत्र्याला हात लावू नका, स्टोनफिश आणि लायनफिश तिथेच दबा धरून असतात. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवा आणि डॉक्टर गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या.

ओहोटी_वेळ:
मध्येच विचारतो, 'रामदास' बोटीच्या जागी कोणी डायव्ह करतं का?

जुना_पाणबुड्या:
नाही. १७ जुलै १९४७ ला काशाच्या खडकाजवळ, रेवसच्या वाटेवर बुडाली ती. मुंबई बंदराच्या तोंडचं पाणी गढूळ, वर जहाजांची वर्दळ. शिवाय शेकडो माणसं गेली तिच्यात. हौसेची जागा नव्हे ती.

खारेवारे:
धन्यवाद! गंजलेला एखादा खिळा आठवण म्हणून आणला तर चालतो का? आणि दुपारी दुसरा डायव्ह संपवून संध्याकाळीच आंबोलीमार्गे पुण्याला निघायचं आहे.

बारा_बार:
खिळा नको. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि त्याहून नवी असली तरी ती तुमची नव्हेच. गोव्यातल्या सुंची रीफवरच्या पोर्तुगीज जहाजाचा काळ संशोधकांना लावता आला तो तिथल्या हस्तिदंत आणि मर्तबानांच्या तुकड्यांवरून. आणि समुद्रातलं लोखंड वाळलं की आतल्या क्षारांनी फुटत जातं, कपाटात भुसाच उरतो.

संध्याकाळी घाट चढणं तर अजिबात नको, उंचीवर हवेचा दाब घटला की अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. विमानासाठी एका डायव्हनंतर १२ तास आणि एकाहून जास्त असतील तर १८ तास थांबायला सांगतात, ते ६०० मीटरच्या वरच्या उंचीला धरून. आंबोली जवळपास ६९० मीटर आहे. दुसरा डायव्ह रद्द करा, सकाळचा एकच ठेवा. दहाला वर आलात तर रात्रीचे १० वाजतात, मुक्काम सावंतवाडीला करा आणि उजाडल्यावर निघा. सांधे दुखले किंवा बोटांना मुंग्या आल्या तर प्रवास थांबवून ऑक्सिजन. बोटीवर तो आहे का, हे पैसे भरायच्या आधी विचारा. नुसतं "आहे" म्हटलं तर सिलिंडर आणि मास्क दाखवायला सांगा.