शब्दचर्चा : ‘एआय साक्षरता’ आणि तिच्यासाठीचा ‘निधी’

चोपडा, जि. प. शिक्षक :
आमच्या केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत ‘शाळांमध्ये एआय (कृत्रिम बुद्धिमत्ता) साक्षरतेसाठी निधी’ असा विषय निघाला. एका मॅडमनी लगेच विचारलं, “म्हणजे असाक्षरांचं सर्वेक्षण परत करायचं का?” प्रश्न मनापासूनचा होता. आमच्याकडे साक्षरता म्हटलं की डोळ्यांसमोर उल्लास येतो, १५ वर्षांपुढच्यांसाठीचा नव भारत साक्षरता कार्यक्रम. केंद्र सरकारने तर २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणायचं जाहीर केलंय. मग या लेकरांच्या बाबतीत ‘साक्षरता’ शब्द कसा घ्यायचा? ‘ओळख’ म्हटलं तर चालेल?

शहादा :
सर, ‘ओळख’ नको. जनगणनेत साक्षर कोणाला धरतात ते बघा : सात वर्षांवरची व्यक्ती, जिला कोणत्याही भाषेत *समजून* वाचता आणि लिहिता येतं. नुसतं वाचता येणारा त्यात बसत नाही. २०११ला आमचा नंदुरबार जिल्हा ६४ टक्क्यांच्या आसपास होता, राज्यात सगळ्यात मागे. त्यामुळे सही करता येणं आणि साक्षर असणं यातलं अंतर आम्ही घराघरांत पाहिलंय. अंगठा जाऊन सही आली, पण कागदावर काय लिहिलंय ते दुसऱ्यालाच विचारावं लागतं.

फोनवर प्रश्न टाकून उत्तर उतरवून घेणारं पोरगं सही शिकलंय, एवढंच. उत्तर बरोबर आहे का, ते कशाच्या आधारावर आलं, दुसरीकडे पडताळायचं कसं, हे कळलं की मग साक्षर म्हणा. ‘साक्षरता’च ठेवा. त्या शब्दात ‘समजून’ आहे.

जळगाव :
ताई, पटतंय, पण एक अडतं. बहिणाबाईंना अक्षर येत नव्हतं, आणि त्यांच्या शहाणपणावर आपण अजून जगतोय. म्हणून मला ‘समज’ जवळचा वाटतो. अहिराणीतही तो तसाच चालतो. मी वर्गात एकदा फोनला अहिराणीत विचारलं, उत्तर आलं पुस्तकी मराठीत. एक मुलगी म्हणाली, “सर, याले आपली बोली येत नई.” यंत्राला काय येत नाही, हे तिला पहिल्याच दिवशी दिसलं. ही समजच की.

धुळे, लेखा विभागातून निवृत्त :
शब्द कोणताही घ्या, पण पुढचा ‘निधी’ नीट वाचा. निधी म्हणजे मुळात ठेवा. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शिक्षणासाठीच्या एआय उत्कृष्टता केंद्राला ५०० कोटी सांगितले, ती *तरतूद*. तरतूद झाली म्हणजे पैसा शाळेत आला असं नाही. आधी वितरणाचा आदेश, मग खर्च, आणि ३१ मार्चपर्यंत न खर्चलेलं *समर्पित*. हा शब्द फसवा आहे. एखाद्या कामासाठीच राखून ठेवलेलं ते समर्पित, आणि न वापरता सरकारला परत केलेलंही समर्पितच! ‘एआयसाठी समर्पित निधी’ वाचलं की मी पुढचं वाक्य बघितल्याशिवाय आनंद करत नाही.

‘अनुदान’ तर इथे वापरूच नका. २० टक्के, ४० टक्के करत टप्प्यांची वाट बघणाऱ्या शाळेत अनुदान म्हणजे पगार. तिथे ‘एआय अनुदान’ लिहिलं तर लोकांचा जीव उगाच वर-खाली होईल.

आणि लेखाशीर्ष विचारा, म्हणजे पैसा कोणत्या खर्चाच्या नावाखाली येतोय ते. ‘साहित्य खरेदी’खाली आलं तर खोके येतील, टॅब येतील. ताईंनी सांगितलेलं ‘समजून’ मात्र शिक्षकाकडूनच येतं, त्यासाठी पैसा ‘शिक्षक प्रशिक्षणा’खाली लागतो.

चोपडा :
भाऊ, हे परिषदेतच कुणी सांगायला हवं होतं. येत्या शाळा व्यवस्थापन समितीत आराखड्यावर असं लिहून ठेवतोय : ‘एआय साक्षरता (समजून वापर व पडताळणी), शिक्षक प्रशिक्षणासाठी तरतुदीची मागणी’. जळगावच्या सरांची ‘समज’ कंसात आली, चालेल ना?

जळगाव :
चालेल. फक्त ‘पडताळणी’पुढे ‘बोलीभाषेसह’ टाका.