अनुभव धागा: विदर्भातून समुद्राकडे गेलात, तर तिथं काय पाहिलंत?

आपल्या विदर्भातलं पाणी दोन समुद्रांना जातं. अकोला-अमरावतीकडची पूर्णा तापीला मिळते आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात उतरते. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा मात्र प्राणहिता-गोदावरीच्या वाटेनं बंगालच्या उपसागरात जातात. पाणी न चुकता पोचतं, आपण क्वचित. गेलो तरी मुंबईला नातेवाइकाकडे लग्न असलं की चौपाटीवर भेळ, नाहीतर पुरीला जगन्नाथाचं दर्शन झाल्यावर पाय ओले करून परत.

पण गावात चार माणसं अशी निघतातच, जी मुद्दाम आडबाजूच्या किनाऱ्यावर जाऊन काहीतरी पाहून आलेली असतात. त्यांनी इथं लिहावं. कोणता किनारा, कोणत्या महिन्यात, कोणता जीव दिसला, काय दिसलं नाही. हॉटेलचं भाडं आणि बनाना राइडचे फोटो नकोत, त्याला बाकी जागा भरपूर आहेत. ज्या बोलीत बोलता त्याच बोलीत लिहा.

दर्यापूर तालुका

म्या वेळासचं सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं गाव हाय, नाना फडणविसाचं. कापूस-तूर निपटली अन् मार्चात निघालो, मी, घरची अन् साळभाऊ. बडनेऱ्यावरून पनवेल, तेथून कोकण रेल्वेनं खेड, मंग एसटी. शेवटी शेवटी रस्ता असा वाकडातिकडा का घरचीनं डोळेच उघडले नाही.

तेथी गावातल्याच घरी उतरा लागते. समुद्रकाठी जाळीचं कुंपण घालून त्याईनं अंडी जपली असतात. ऑलिव्ह रिडले जातीची कासवीन राती वाळूत खड्डा करते, शंभर-दीडशे अंडी घालते, बुजवते अन् चालली जाते. मागं वळून पाहत नाही. पह्यले ते अंडे कोल्हे-कुत्रे खात, मानसंबी नेत. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावाले धरून हे काम चालू केलं, 2006 पासून कासव महोत्सव. आता कासवीनीचे पायाचे ठसे पाहून अंडे काढतात अन् कुंपनात तेवढ्याच खोल पुरतात. दर घरट्यावर पाटी, तारीख अन् अंड्याची गिनती. आपल्या इकडं कृषी विभागाचा प्रात्यक्षिक प्लॉट असते ना, तसंच.

पंचेचाळीस ते साठ दिवसानं पिल्लं वर येतात. मले जे पटलं ते हे का वाळू जास्त गरम असली तर माद्या जास्त निंघतात, थंड असली तर नर. म्हंजे उन्हाळा वाढला तर गंमत नाही.

सकाळी अन् संध्याकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलून पाहतात. सकाळी टोपली उचलली, खाली कोरी वाळू. पुण्या-मुंबईचे लोक नाराज होऊन गाड्या काढून चालले गेले. आमी कास्तकार मानसं, पान्याची वाट पाहाची सवय, थांबलो. संध्याकाळी टोपलीखाली सगळी वाळूच हालत होती. पिल्लं समुद्रापासून थोडी दूर ठेवतात, तेवढं अंतर त्याईनं सोताच चालाचं असते. दोरीच्या अलीकडं आपण, पलीकडं ते. एक लाट येऊन मांगं फेके, का पुन्हा तोंड समुद्राकडंच. घरची म्हणे, "अवं, याले कोनं सांगतलं तिकडं जा म्हणून?"

अन् एक. समुद्राचं पानी जिभीले लावून पाह्यलं. आमच्या खारपाण पट्ट्यात बोअरच्या पान्याले नावं ठेवत होतो जलमभर, आता ठेवत नाही.

धागाकर्ता

वा भाऊ! यात एक जोड देतो. ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 मध्ये खूणपट्टी लावलेली एक कासवीण 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असं धरून चालत होते, तिथं ही एक बाई अख्खा देश वळसा घालून आली.

दिग्रस

डॉल्फिनबद्दल थोडक्यात. दापोलीजवळ मुरुड-हर्णैला हिवाळ्यात पहाटे होडीतून गेलो. टीव्हीवर उड्या मारतात तसं काही नसतं. करडी पाठ वर येते, एक फुस्स आवाज, संपलं. ज्याला जंगलात वाघाची पाठ दिसली तरी पुरते, त्यानंच जावं.

वाशीम जिल्हा, शिक्षक

किनाऱ्यावर जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं, पंचांग सोबत न्या. थट्टा नाही. गुहागर तालुक्यात हेदवीला ज्यांच्याकडे राहिलो, त्या काकांनी हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. षष्ठी असेल तर साहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खालीही उतरतं. अष्टमीला भांगाची भरती, तेव्हा फार हालचाल नाही. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण फिरायचा बेत आखायला हा हिशेब पुरतो.

हेदवीत उमामहेश्वराच्या देवळामागे खडकात एक लांब, अरुंद भेग आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीची लाट त्या भेगेत कोंडते आणि पाण्याचा स्तंभ उसळतो. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल, आणि "यात काय पाहायचं" म्हणत परत याल, जसे आमच्यासमोर एक कुटुंब परत गेलं. उलट खडकांवरचे जीव पाहायचे असतील तर अमावास्येच्या आसपासची पुरती ओहोटी गाठायची. पाणी हटलं की खडकांच्या खळग्यांत छोटी छोटी डबकी उरतात. त्यात शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे, खडकाला चिकटलेली कालवं, बोट जवळ नेलं की मिटणारी समुद्रफुलं. चौथीच्या पुस्तकात मी जे चित्र दाखवून शिकवत आलो ते गुडघाभर पाण्यात जिवंत होतं. बायको वर देवळात बसून हाका मारत होती, मी काही उठलो नाही.

घळीच्या काठावर मात्र उभं राहू नका. शेवाळलेला खडक, आणि पुढची लाट किती मोठी येईल याचा भरवसा नाही.

साकोली, जि. भंडारा

आम्ही ढिवर समाजाचे. मालगुजारी तलावाचा ठेका आमच्या संस्थेकडे असतो, त्यामुळे जाळं, डोंगा, मरळ, रोहू, झिंगे यातच जन्म गेला. पुतण्या नोकरीनिमित्त कुडाळला आहे, त्याच्याकडे गेलो तेव्हा त्यानं तारकर्लीला नेलं. लोक होडीत बसायला धावत होते. मी एका कडेला रापण चाललेली पाहिली आणि तिथंच बसलो.

होडी अर्धगोल फिरवून जाळं टाकत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर. मग दोन्हीकडून माणसं ओढतात, म्हातारे, पोरं, बायासुद्धा. जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत बराच वेळ जातो. मीही दोराला हात लावला, कोणी नाही म्हटलं नाही. आत बांगडे, तारली आणि एक पाकट निघाला. पाकट म्हणजे चपटा, सुपाएवढा, शेपटीला विषारी काटा. तो त्यांनी काठीनं बाजूला घेतला. वर कुरव पक्षी घिरट्या घालतच होते. नंतर वाटे पडले, दोर ओढणाऱ्याचा वाटा वेगळा. हे वाटे घालणं आमच्यासारखंच, भांडणसुद्धा आमच्यासारखंच!

एका म्हाताऱ्यानं सांगितलं की जाळ्यात कासव नाहीतर डॉल्फिन अडकलं तर जाळं कापून सोडतात, आणि फाटलेल्या जाळ्याची भरपाई सरकार देतं, पंचवीस हजारांपर्यंत. 2018 च्या शेवटापासून ही योजना आहे. आमच्याकडे तलावात ऊद, म्हणजे पाणमांजर, जाळं फाडून मासा नेतं तेव्हा अशी काही सोय नसते, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अहो, आमच्याकडे खाडीत पण असतात, ती पण फाडतात."

सिरोंचा, जि. गडचिरोली

तुम्ही सगळे पश्चिमेकडे जाता, आम्हाला कोकण म्हणजे परदेश. आम्ही पाण्यासोबत गेलो. सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते. पूल ओलांडला की तेलंगणा, वरंगळहून रेल्वेनं सामर्लकोट, तिथून काकिनाडा. आमच्याकडे तेलुगू घराघरांत बोलतात, त्यामुळे भाषेची अडचण शून्य.

काकिनाड्याजवळ कोरिंगा अभयारण्य आहे, गोदावरीच्या मुखाशी. तिथलं जंगल आपल्या जंगलासारखं नाही. सागाच्या जंगलात वाढलेल्या माणसाला आधी ते झुडपी आणि चिखलाचं वाटतं. लाकडी पायवाटेवरून आत जायचं. दोन्ही बाजूंना चिखलातून बोटा-बोटाएवढी मुळं वर आलेली. ही झाडं चिखलात उभी असतात, तिथं मुळांना हवा मिळत नाही, म्हणून मुळं वर येऊन श्वास घेतात. त्या चिखलावर मासे चालतात, हो, मासे. कल्ल्यांपुढच्या परांवर टेकून सरकतात, भांडतात, उडी मारतात. आमच्या चिरंजीवाला तिथून हलवणं मुश्किल झालं. या जंगलात मासेमार मांजरही आहे, पण ती रात्रीची. आम्हाला दिसली नाही, दिसेल अशी आशाही ठेवू नका.

समोर समुद्रात होप आयलंड नावाची वाळूची लांब पट्टी आहे, गोदावरीच्या गाळानं तयार झालेली. तिच्यावरही ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. ती पट्टी होती म्हणून काकिनाड्याचं बंदर लाटांपासून वाचतं असं नावाडी सांगत होता. मी मनात म्हटलं, यात इंद्रावतीचाही गाळ आला, वैनगंगेचाही आला. भंडाऱ्याच्या ढिवर दादांच्या तलावातून सांडलेलं पाणीसुद्धा इथंच कुठंतरी आलेलं असणार.

आमगाव, जि. गोंदिया

पुरीला सासूबाईंना घेऊन गेले होते, दर्शन झाल्यावर सातपाड्याला चिलिका सरोवर पाहिलं. समुद्राला लागून असलेलं प्रचंड खारं-गोडं पाणी, पावसाळ्यात अकराशे चौरस किलोमीटरांवर पसरतं. तिथं इरावती डॉल्फिन आहेत. यांना चोच नसते, डोकं गोल, पाठीवरचा पर इवलासा.

राग येऊन लिहिते आहे. एक डॉल्फिन वर आला की चहूबाजूंनी मोटारीच्या होड्या त्याच्यावर धावत. धूर, आवाज, "इकडे इकडे" असा आरडाओरडा. आमच्या नावाड्याला मी म्हटलं, दादा, इंजिन बंद करा. तो म्हणाला, दिसला नाही तर गिऱ्हाईक पैशांवरून भांडतं. त्याचंही खोटं नाही. शेवटी सासूबाई बोलल्या, "आमी नाही भांडत, बंद कर बाबू." इंजिन बंद केल्यावर बऱ्याच वेळानं एक जोडी अगदी जवळून गेली. आमच्याकडे धानाच्या बांधीत सारस असतात, महाराष्ट्रात गोंदियाकडेच ते उरलेत म्हणा. त्यांच्यामागे मोटारसायकल घेऊन धावणारे पाहिलेत, म्हणून जास्त लागलं.

लोणार

आमच्याकडे खारं पाणी घरीच आहे, 2020 साली गुलाबीही झालं होतं. एवढी दगदग कशाला! (गंमत करतोय. पुढच्या वर्षी वेळास.)

कोरपना, जि. चंद्रपूर

धाग्याच्या बाहेरचं वाटलं तर काढून टाका. मी चुनखडीच्या खाणीत नोकरी केली. आमच्या भागात एवढे सिमेंटचे कारखाने का, तर खाली चुनखडी आहे. आणि ही चुनखडी समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा समुद्र, असं तपासणीला आलेले भूगर्भशास्त्रवाले सांगत. मासे-कासवं तेव्हा पृथ्वीवरच नव्हती, होते ते फक्त सूक्ष्म जीव. खाणीच्या भिंतीत वहीच्या पानांसारखे थर दिसतात, तोच त्या समुद्राचा गाळ. निवृत्तीनंतर मालवणला गेलो तेव्हा नातीनं विचारलं, "आबाजी, तुम्ही पहिल्यांदा समुद्र पाहताय?" मी म्हटलं, नाही ग, तीस वर्षं सुरुंग लावून फोडत होतो.

धागाकर्ता

काढत कशाला, काकाजी! मालवणचं अजून लिहा.

कोरपना

पाण्याखाली काही मी उतरलो नाही, जावई उतरला. 1987 पासून तिथं सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास. खडकांवर प्रवाळ आहेत, पट्ट्यापट्ट्यांचे मासे त्यातून आतबाहेर करतात, असं तो सांगत होता. पाणी नितळ असलं तरच दिसतं, आम्ही डिसेंबरात गेलो होतो. प्रवाळावर पाय देऊ नका असं त्याला उतरण्याआधी बजावलं होतं. तो जिवंत असतो, आणि वाढायला वर्षानुवर्षं लागतात.

उमरखेड

पोट्ट्यांना मेच्या सुट्टीतच वेळ असतो. मे महिन्यात नेलं तर काय दिसेल?

वाशीम जिल्हा, शिक्षक

मेच्या सुरुवातीला जा, शेवटी नको. मे संपता संपता समुद्र खवळतो, होड्या बंद होतात. जून-जुलै मासेमारीलाही बंदी असते. कासवांची शेवटची घरटी एखाद्या वर्षी मेपर्यंत लांबतात, पण निघण्याआधी गावात फोन करून विचारा. खडकांवरची डबकी मात्र मेमध्येही आहेतच. अमावास्या बघून जा, आणि मुलांना चपला नको, मागे पट्टा असलेले सँडल घाला. कालवांच्या कडा पाय कापतात.

दर्यापूर तालुका

अन् ठेचा घरून न्या. तेथी नारळ सगळ्यातच टाकतात.