शिल्लक रजा आणि बिनपगारी दिवस : आपापले अनुभव सांगा

गेल्या ३१ डिसेंबरला माझ्या खात्यावरच्या अकरा रजा बाद झाल्या. पुण्यातल्या एका खाजगी कार्यालयात मी हिशेबाचे काम पाहतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा मिळते आणि अशा रजा पंचेचाळीसपर्यंत साठवता येतात. माझ्या छप्पन्न झाल्या होत्या. वर्षभरात तीनदा रजा मागितली. एकदा मार्च अखेर आडवी आली, एकदा ऑडिट, आणि तिसऱ्यांदा साहेबांनी नुसतेच ‘बघू’ म्हटले. मागितलेली रजा मालकाने नाकारली असेल, तर पंचेचाळीसच्या वरच्या दिवसांचे पैसे मागता येतात, हे मला जानेवारीत कळले. ते सांगायला गेलो, तेव्हा आस्थापना विभागातील बाईंनी शांतपणे विचारले, “नाकारल्याचा कागद आहे का?” कागद कुठून असणार, मी सगळे तोंडी मागितले होते.

आपल्याकडे रजा कशी मिळाली, कशी बुडाली, बिनपगारी दिवस कसे मोजले गेले, हे कृपया सविस्तर लिहावे. आस्थापनेचे नाव लिहू नये.

चाकण, फिटर

तुमच्या बाबतीत जे घडले, ते माझ्या बाबतीत एका जुन्या सहकाऱ्यामुळे टळले. माझे गाव कणकवलीजवळ आहे आणि गणपतीला गावी जाणे आमच्याकडे ऐच्छिक नसते. २०१६ साली कोकण रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी उघडत असे, म्हणजे तिकीट मे महिन्यात काढायचे आणि रजेचा अर्ज मात्र ऑगस्टमध्ये द्यायचा. तोवर तिकीट खिशात आणि जीव टांगणीला. तेव्हा आम्हाला १९४८ चा कारखाने अधिनियम लागू होता : वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी वीस दिवसांमागे एक रजा, अर्ज पंधरा दिवस आधी, आणि शिल्लक पुढे न्यायची ती तीस दिवसांपर्यंतच. (२०२० च्या नव्या कामगार संहितेत २४० ऐवजी १८० दिवस धरले आहेत.) आमच्या खात्यातले मामा निवृत्तीला आले होते. त्यांनी मला अर्ज दोन प्रतींत लिहायला लावला आणि एका प्रतीवर पोच घ्यायला लावली. त्या वर्षी गणपतीला रजा नाकारली गेली. सुपरवायझरने अर्जावर लाल शाईने ‘काम जास्त, मंजूर नाही’ असा शेरा मारला. मी चिडलो होतो, मामा मात्र खूश झाले. रीतसर मागून नाकारलेल्या रजेला तीस दिवसांची मर्यादा लागत नाही, हे त्यांना पाठ होते. त्या शेऱ्यामुळे माझे सात दिवस पुढच्या वर्षात जसेच्या तसे गेले. तिकीट रद्द करताना पैसे कापले गेले, ते वेगळे.

हिंजवडी

आमच्याकडे ‘सँडविच’ आहे. वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी मी शुक्रवार आणि सोमवार बिनपगारी घेतले, तर मधले शनिवार-रविवारही कापले गेले. शिवाय एका दिवसाचा पगार काढताना महिन्याच्या पगाराला तीसने भागायचे की सव्वीसने, यावरही बरेच अवलंबून असते. ३१,२०० रुपयांवर तीसने १,०४० आणि सव्वीसने १,२०० रुपये होतात. आमच्याकडे कापताना सव्वीसने भागतात, आणि तेही आठवड्याच्या सुट्ट्या धरून! या गणिताला काय म्हणावे, हे मला अजून सुचलेले नाही.

निवृत्त शासकीय कर्मचारी, सातारा

बाहेरच्यांना वाटते की सरकारी नोकरीत रजाच रजा. अर्जित रजा वर्षाला तीस, जानेवारीत पंधरा आणि जुलैत पंधरा जमा होतात, अर्धवेतनी रजा वेगळी, हे खरेच आहे. पण रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असे १९८१ च्या रजा नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे आणि ते वाक्य प्रत्येक कार्यालयप्रमुखाला तोंडपाठ असते. आई अंथरुणाला खिळली तेव्हा माझी सगळी रजा संपली होती. २००३ साली मी ७४ दिवस असाधारण रजा घेतली, म्हणजे बिनपगारी. पगार जाणार हे ठाऊक होते. वेतनवाढही तितकी पुढे ढकलली जाणार, हे मला लिपिकाने सेवापुस्तकात नोंद करताना सांगितले. आईजवळ राहता आले, त्यामुळे तक्रार नाही. पण आधी सांगायला हवे होते.

स्टुटगार्ट

दोन वर्षांपूर्वी तीन आठवड्यांच्या सुट्टीवर कोल्हापूरला आले होते आणि त्यातले सहा दिवस तापाने झोपून होते. परतल्यावर सहज बोलले, तर आमच्या विभागप्रमुख म्हणाल्या, “डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणले आहेस का? मग ते दिवस तुझे तुला परत मिळतील.” मला वाटले, थट्टा करत आहेत. १९६३ च्या जर्मन रजा कायद्यात तसे कलमच आहे : प्रमाणपत्राने सिद्ध झालेले आजारपणाचे दिवस रजेतून वजा होत नाहीत. राजारामपुरीतल्या आमच्या डॉक्टरांनी घरच्या ओळखीने चार ओळी लिहून दिल्या होत्या, म्हणून बरे.

डोंबिवली

माझी आई चार घरी धुणीभांडी करायची. आमच्याकडे रजा हा शब्दच नव्हता, खाडा होता. महिन्याला दोन खाडे माफ, तिसऱ्यापासून पैसे कापायचे, असे बोलणे कामाला लागतानाच होई. मालकीणबाई दुधाच्या खाड्यांशेजारीच, त्याच कॅलेंडरवर, आईच्या खाड्यांच्या फुल्या मारत. आईला लिहिता येत नव्हते. ती आमच्या दाराच्या मागच्या बाजूला कोळशाने रेघा ओढायची, एका घराची एक ओळ. एका मे महिन्यात एका घरच्या कॅलेंडरवर पाच फुल्या निघाल्या आणि आमच्या दारामागे तीनच रेघा. जास्तीच्या दोन दिवसांत ते कुटुंब महाबळेश्वरला गेले होते. “पण तू आली नाहीस ना?” असे त्या बाई म्हणाल्या. आई दोन्ही दिवशी सकाळी सातला जाऊन, कुलूप पाहून परत आली होती.